मत माणसाचे की गुरांचे?
डेन्मार्कमधील वायले फुटबॉल क्लबची कहाणी

१८८२ साली डेन्मार्कच्या पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन त्या देशातील पहिली सहकारी दुग्धशाळा उभी केली. या संस्थेने आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या शेकडो सहकारी संस्थांनी एक साधे तत्त्व स्वीकारले. ज्याच्या गोठ्यात चार गाई आहेत त्याला एक मत आणि ज्याच्या गोठ्यात चाळीस गाई आहेत त्यालाही एकच मत. डॅनिश भाषेत ‘डोकी’ आणि ‘गुरे’ या दोन शब्दांत एका स्वराचाच काय तो फरक आहे. त्यामुळे ‘मते डोक्यांप्रमाणे मोजावीत, गुरांप्रमाणे नव्हे’ हे सूत्र तेथील सामान्य शेतकऱ्याच्या तोंडी सहज बसले. डेन्मार्कच्या ग्रामीण लोकशाहीचा पाया या सूत्रात आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

हे सूत्र दुधापुरतेच राहिले नाही. १८४९ च्या राज्यघटनेने संघटना-स्वातंत्र्य दिले आणि त्या स्वातंत्र्याचा उपयोग करून डॅनिश जनतेने व्याख्यानमंडळांपासून व्यायामशाळांपर्यंत, कामगार संघटनांपासून क्रीडामंडळांपर्यंत सर्व काही एकाच साच्यात घडवले. सभासदाने वर्गणी भरावी, वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेला यावे, हिशेब तपासावा, कार्यकारिणी निवडावी आणि ती पसंत नसेल तर पाडावी, असा तो साचा. फुटबॉल क्लब हीदेखील त्या देशात अशीच सभासदांची संस्था होती. आज तेथील व्यावसायिक फुटबॉलमध्ये डोकी मोजली जातात की गुरे, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाशौकिनांचा वाटेल. वस्तुतः तो सार्वजनिक संपत्तीच्या मालकीचा प्रश्न आहे, आणि एका प्रांतिक क्लबचा इतिहास पाहिला म्हणजे तो स्पष्ट होतो.

पूर्व जटलंडमधील एका फ्योर्डच्या टोकाशी वसलेले वायले हे ६० हजारांच्या आसपास वस्तीचे शहर. ३ मे १८९१ रोजी तेथील २३ नागरिकांनी ‘वायले बोल्डक्लब’ स्थापन केला. आरंभी हा क्लब फुटबॉलचा नव्हताच, तो क्रिकेटचा होता. रेल्वे बांधण्यासाठी आलेल्या इंग्रज अभियंत्यांनी हा खेळ डेन्मार्कात रुजवला होता आणि सुखवस्तू तरुणांत त्याची आवड पसरली होती. १९०२ साली क्लबमध्ये फुटबॉल सुरू झाला आणि काही वर्षांतच त्याने क्रिकेटला मागे सारले. बॅट, स्टंप आणि मोकळी दुपार यांची गरज असणाऱ्या खेळाकडून एका चेंडूवर भागणाऱ्या खेळाकडे झालेला हा प्रवास केवळ अभिरुचीचा नव्हता. शहराचे रूपच त्या काळात पालटत होते.

वायलेला डेन्मार्कचे मँचेस्टर म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथे कापसाच्या सूतगिरण्या उभ्या राहिल्या आणि लहानशा व्यापारी गावाचे गिरणगाव झाले. गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. १८९९ साली जटलंडमधील सात शहरांतील सुतारांच्या संपातून देशव्यापी टाळेबंदी उद्भवली. सुमारे शंभर दिवसांच्या झुंजीनंतर सप्टेंबरमध्ये झालेल्या करारात मालकवर्गाला कामगार संघटनांचे अस्तित्व मान्य करावे लागले. पुढे १९१९ मध्ये आठ तासांच्या कामाच्या दिवसाची मागणी पदरात पडली. संध्याकाळ कामगाराच्या स्वतःच्या मालकीची झाली आणि ती संध्याकाळ भरून काढायला फुटबॉल होताच. खेळाच्या लोकप्रियतेचा इतिहास लिहिणारे बहुधा गोल मोजतात. कामाचे तास कमी झाले नसते तर ते गोल पाहायला मैदानावर कोण आले असते, हा विचार क्वचितच केला जातो.

अर्थात सभासदांच्या या लोकशाहीचे गोडवे गाताना तिच्या मर्यादा झाकता कामा नयेत. ज्या स्त्रिया गिरण्यांत राबत होत्या त्यांना मैदान खुले नव्हते. डॅनिश फुटबॉल संघटनेने स्त्रियांच्या फुटबॉलला आपल्या छत्राखाली घेतले ते १९७२ साली, म्हणजे संघटनेच्या स्थापनेनंतर तब्बल ८३ वर्षांनी. डोकी मोजण्याचे सूत्र उत्तम होते, परंतु कोणाची डोकी मोजावयाची हे बराच काळ पुरुषांनीच ठरवले.

वायले क्लबचा सुवर्णकाळ १९५८ साली सुरू झाला. त्या वर्षी बीच वृक्षांच्या वनराईला लागून असलेल्या मैदानावर खेळणाऱ्या लाल सदऱ्याच्या या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद आणि राष्ट्रीय चषक ही दोन्ही पटकावली. दुसऱ्या वर्षी चषक पुन्हा जिंकला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कने बलाढ्य हंगेरीला उपांत्य सामन्यात २–० असे नमवून रौप्यपदक मिळवले. त्या दोन गोलांपैकी एक वायलेच्या हेनिंग एनोक्सेनचा होता. टॉमी ट्रोएल्सेन हा त्याच क्लबचा खेळाडूही त्या संघात होता. पुढे १९७१, १९७२, १९७८ आणि १९८४ मध्ये अजिंक्यपद आणि १९८१ पर्यंत एकूण सहा वेळा चषक, अशी या क्लबची कमाई आहे. राजधानी कोपनहेगनच्या जुन्या, प्रतिष्ठित क्लबांच्या तुलनेत एका गिरणगावाचे हे कर्तृत्व लहान नाही.

हे यश विकत आणलेल्या खेळाडूंचे नव्हते, कारण खेळाडू विकत घेण्याची सोयच नव्हती. डेन्मार्कमध्ये १९७८ पर्यंत फुटबॉल खेळण्याबद्दल वेतन घेण्यास मनाई होती. क्लबला खेळाडू मिळत ते शहरातील शाळांमधून, गल्ल्यांमधून आणि आसपासच्या गावांमधून. त्यांना शिकवणारे, त्यांचे सदरे धुणारे आणि मैदानावर चुन्याच्या रेषा आखणारे हात बहुतांशी बिनपगारी असत. अ‍ॅलन सिमोन्सेन हा अशाच वातावरणात वाढला. १९५२ साली वायले येथे जन्मलेला, चणीने लहान आणि पायाने चपळ असा हा खेळाडू १९७१ व १९७२ च्या विजयी संघांत होता. त्यानंतर तो पश्चिम जर्मनीतील बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख या क्लबात गेला आणि १९७७ साली युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला डॅनिश खेळाडू. पुढे तो बार्सिलोनाकडून खेळला. युरोपातील तिन्ही प्रमुख क्लब-स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत गोल करण्याचा विक्रम त्याच्या नावावर जमा झाला. १९८२ मध्ये बार्सिलोनाने माराडोनाला आणले तेव्हा परदेशी खेळाडूंच्या मर्यादेमुळे सिमोन्सेनला दूर व्हावे लागले. लंडनमधील थोड्या वास्तव्यानंतर १९८३ मध्ये तो आपल्या जुन्या क्लबात परतला, १९८४ चे अजिंक्यपद त्याने वायलेसाठी जिंकले आणि १९८९ पर्यंत तेथेच खेळला.

या कथेवरून हौशी फुटबॉलचे सोवळे मिरवण्याचा मोह अनेकांना होतो. समाजवादी विचाराच्या माणसाने त्या मोहाला बळी पडण्याचे कारण नाही. ‘खेळाडूने पैसा घेऊ नये’ हा दंडक मुळात ज्यांना पैशाची ददात नव्हती अशा वर्गाने घातला होता. कामावरची मजुरी बुडवून सामन्याला जाणाऱ्या कामगाराला तो परवडणारा नव्हता. इतकेच नव्हे, तर परदेशी जाऊन व्यावसायिक म्हणून खेळणाऱ्यास राष्ट्रीय संघाचे दार बंद असे. ही बंदी १९७१ मध्ये उठली. वायलेच्याच उलरिक ल फेव्रसारखा खेळाडू १९६९ मध्ये जर्मनीत गेला तो श्रमाचे मोल मिळवण्यासाठीच, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे अन्यायाचे ठरेल. खेळ हे श्रम आहेत आणि श्रमाला दाम मिळालाच पाहिजे. १९७७ मध्ये डॅनिश खेळाडूंनी आपली संघटना स्थापन केली आणि १९७८ मध्ये वेतनबंदी उठली. या दोन्ही गोष्टी स्वागतार्हच होत्या.

प्रश्न उद्भवतो तो त्याच्या पुढे. खेळाडूला वेतन देणे ही एक गोष्ट आणि क्लबची मालकी भागभांडवलाच्या हाती सोपवणे ही सर्वस्वी दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट दुसरीखेरीज होऊ शकत नाही, असा समज डेन्मार्कात हेतुपुरस्सर रूढ करण्यात आला. १९८७ मध्ये कोपनहेगनच्या उपनगरातील ब्रोंबी हा क्लब शेअरबाजारात उतरला. १९९२ मध्ये दोन जुन्या क्लबांच्या एकत्रीकरणातून एफसी कोपनहेगन जन्मास आला. १९९९ मध्ये इकास्ट आणि हेर्निंग या मध्य जटलंडमधील वस्त्रोद्योगाच्या दोन शेजारी गावांचे परस्परविरोधी संघ एकत्र करून एफसी मिट्युलंड उभा करण्यात आला. सर्वत्र रचना साधारण एकच झाली. मूळ क्लब सभासदांचा म्हणून मागे राहिला. मुलांचे संघ, हौशी सामने आणि बिनपगारी कामे त्याच्याकडे आली. ज्या संघाला प्रेक्षक, जाहिराती आणि दूरचित्रवाणीचा पैसा मिळतो तो मात्र कंपनीकडे गेला. सर्वसाधारण सभा भरतच राहिली, पण निर्णय भागधारकांच्या बैठकीत होऊ लागले. डोकी एका खोलीत आणि गुरे दुसऱ्या खोलीत, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी न्याय्य आहे काय, हे ठरवण्यासाठी कंपनीच्या हाती आलेली मालमत्ता कोणी निर्माण केली ते पाहिले पाहिजे. १९४८ च्या कायद्याने डेन्मार्कमध्ये फुटबॉलच्या निकालांवरील सरकारी सोडत सुरू करण्याची तरतूद झाली आणि तिच्या उत्पन्नातून क्रीडासंस्थांना दरवर्षी मोठा निधी मिळत गेला. नगरपालिकांनी मैदाने बांधली आणि राखली. लोकशिक्षणविषयक कायद्याने मंडळांना सार्वजनिक जागा आणि २५ वर्षांखालील सभासदांसाठी अनुदान देण्याचे दायित्व नगरपालिकांवर टाकले. या सार्वजनिक पैशावर आणि हजारो स्वयंसेवकांच्या संध्याकाळांवर खेळाडू घडतात. कंपनी जेव्हा खेळाडू परदेशी विकून नफा नोंदवते तेव्हा त्या नफ्यात नगरपालिकेच्या करदात्याचा आणि पहाटे मुलांना सामन्याला नेणाऱ्या पालकाचा वाटा किती, याची नोंद कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही. खर्च समाजाचा आणि नफा खाजगी हे भांडवलशाहीचे जुनेच गणित येथे हिरवळीवर मांडलेले आहे.

वायले क्लबला या गणिताचा पहिला मोठा चटका २०११ मध्ये बसला. तोवर क्लबचे जुने वैभव ओसरले होते. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत त्याची ये-जा चालू होती आणि २००८ मध्ये उभारलेले नवे स्टेडियम भरणे अवघड जात होते. वायले, कोल्डिंग आणि फ्रेडेरिसिया या तीन शहरांच्या परिसराला ‘त्रिकोण-प्रदेश’ म्हणण्याची नियोजनकारांत पद्धत आहे. या प्रदेशाला एक बलिष्ठ संघ हवा, दोन दुबळे संघ ठेवण्यात अर्थ नाही, असा हिशेब पुढे आला आणि शेजारच्या कोल्डिंगच्या संघाशी एकत्रीकरण करून ‘वायले बोल्डक्लब कोल्डिंग’ असे जोडनाव धारण करण्यात आले. कागदावर हिशेब बिनतोड होता. दुप्पट लोकसंख्या, म्हणजे दुप्पट प्रेक्षक आणि दुप्पट जाहिरातदार! परंतु माणसे अशी बेरजेने एकत्र येत नाहीत. ज्या शेजाऱ्याला हरवण्यात पिढ्यान्‌पिढ्या आनंद मानला त्याच्याच नावाने घोषणा देण्यास प्रेक्षक तयार होईनात. दोन वर्षांत, २०१३ मध्ये, हे एकत्रीकरण मोडीत निघाले आणि वायले बोल्डक्लब आपल्या जुन्या नावाने पुन्हा मैदानात उतरला.

या घटनेचा अर्थ नीट लावला पाहिजे. शेजारच्या गावाबद्दलची असूया ही काही मोठी राजकीय मूल्ये जपणारी भावना नव्हे. संकुचित प्रांतिक अभिमान कामगारांची एकजूट कशी फोडतो याचे अनुभव सर्वांनाच आहेत. तथापि वायलेच्या प्रेक्षकांनी जे नाकारले ते कोल्डिंगच्या माणसांना नव्हे. आपल्याला लोकसंख्येचा आकडा आणि बाजारपेठेचा तुकडा समजून कोणीतरी हलवावे, हे त्यांनी नाकारले. एका शहराने १२० वर्षांत उभे केलेले नाव व्यवस्थापनाच्या सोयीसाठी बदलता येते, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

मात्र नाव परत मिळाले म्हणून सत्ता परत मिळाली असे झाले नाही. २०१६ मध्ये मोल्दोव्हातील उद्योगपती आंद्रेई झोलोत्को यांनी व्यावसायिक संघाच्या कंपनीवर बहुमताचा ताबा मिळवला. येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २०१८ मध्ये संघ पुन्हा पहिल्या श्रेणीत गेला आणि या यशात बाहेरून आलेल्या पैशाचा वाटा होता. ‘मालक कोणत्या देशाचा हे कशाला पाहावयाचे, संघ जिंकतो की नाही ते पाहा,’ असे म्हणणारे वायलेमध्येही भेटतील. मालक परदेशी आहे हा आक्षेप खरोखरच गैरलागू आहे. भांडवल डॅनिश असते तर ते अधिक सोज्वळ ठरले असते असे मुळीच नाही. आक्षेप आहे तो संस्थेचे भवितव्य एका माणसाच्या मर्जीवर आणि ऐपतीवर टांगले जाण्याला. शिवाय तो पैसाही स्थैर्य देऊ शकला नाही. २०१९ मध्ये संघ खाली आला, २०२० मध्ये वर गेला, २०२२ मध्ये पुन्हा खाली आणि २०२३ मध्ये पुन्हा वर.

मालकशाहीचे समर्थक एफसी मिट्युलंडकडे बोट दाखवतात आणि ते उदाहरण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. २०१४ मध्ये इंग्लंडच्या मॅथ्यू बेनहॅम यांनी त्यात भांडवल घातले, आकडेशास्त्राचा काटेकोर वापर सुरू झाला आणि २०१५, २०१८, २०२० व २०२४ मध्ये या संघाने अजिंक्यपद मिळवले. परंतु सोडतीत एकाला बक्षीस लागले म्हणून सोडत हा उदरनिर्वाहाचा मार्ग ठरत नाही. पश्चिम झीलंडमध्ये २००८ मध्ये उभा केलेला एफसी व्हेस्टझीलंड हा संघ २०१३ मध्ये पहिल्या श्रेणीत पोहोचला, २०१५ मध्ये तेथून घसरला आणि त्याच वर्षाअखेर दिवाळखोरीत निघाला. पाच वेळा अजिंक्यपद मिळवणारा, १९२४ पासूनचा एस्बियर्ग हा बंदराच्या शहराचा क्लब २०२१ मध्ये अमेरिकन गुंतवणूकदारांनी घेतला. त्याच उन्हाळ्यात नव्या प्रशिक्षकाच्या वागणुकीविरुद्ध खेळाडूंना सामूहिक पत्र लिहावे लागले आणि २०२२ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत कोसळला. गुंतवणूकदार अपयशी ठरला तर दुसरीकडे जातो. गाव मात्र जागचे हलू शकत नाही.

मग भांडवलाखेरीज आजच्या काळात मोठा संघ चालवणे शक्य आहे काय? या प्रश्नाचे उत्तर कोपनहेगनपासून एका सामुद्रधुनीच्या अंतरावर आहे. स्वीडनने १९९९ मध्ये क्लबांना कंपन्या स्थापण्याची मुभा दिली, पण मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ मंडळाकडेच राहिले पाहिजे अशी अट घातली. जर्मनीने १९९८ मध्ये अशाच स्वरूपाचा नियम केला, जरी त्यात काही अपवाद ठेवले. २०१३ मध्ये स्वीडनमध्ये ही अट सैल करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा समर्थकांच्या संघटनांनी क्लबांच्या सर्वसाधारण सभांमध्ये जाऊन, मतदान करून, तो हाणून पाडला. सभासदांच्याच मालकीचा माल्मो एफएफ हा क्लब २०१४, २०१५ आणि २०२१ मध्ये युरोपच्या सर्वोच्च स्पर्धेच्या गटसाखळीत खेळला. म्हणजे मर्यादा फुटबॉलच्या अर्थशास्त्रात नाही. ज्या डेन्मार्कने जगाला सहकाराचा धडा दिला त्यानेच या क्षेत्रात तो गिरवण्याचे सोडून दिले, एवढाच काय तो फरक आहे.

यातून कार्यकर्त्याने घेण्यासारखा बोध क्रीडाक्षेत्रापुरता नाही. ‘अस्मिता’ हा शब्द अलीकडे भांडवलालाही प्रिय झाला आहे. लाल सदरा, क्लबचे चिन्ह, १८९१ हे साल आणि सिमोन्सेनची छायाचित्रे ही सारी कंपनीच्या दृष्टीने विक्रीयोग्य सामग्री आहे. वायलेतील एका जुन्या सूतगिरणीत आज शहराचे सांस्कृतिक संग्रहालय आहे. गिरणी गेली, तिची स्मृती काचेच्या पेटीत सुरक्षित राहिली. क्लबचेही असेच होऊ शकते. स्मृती जपली जाते, तिच्यावर लोक प्रेम करतात, आणि त्या प्रेमाच्या आड मालकी शांतपणे हस्तांतरित होते. सत्तेवाचून उरलेली अस्मिता ही केवळ सजावट होय.

वायलेच्या प्रेक्षकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की लोकांचा नकार अजून परिणामकारक ठरू शकतो. परंतु नकार ही अर्धीच शक्ती आहे. लोक मैदानावर न येऊन एखादी योजना पाडू शकतात. आपली योजना उभी करण्यासाठी मात्र त्यांना सभेत बसण्याचा, हिशेब मागण्याचा आणि बहुमताने निर्णय घेण्याचा अधिकार हवा. तो अधिकार कायद्याने आणि क्रीडासंघटनेच्या नियमांनी मिळवावा लागेल. नगरपालिका जेथे मैदान देते तेथे मैदानाच्या बदल्यात सभासदांच्या बहुमताची अट घालणे हे पहिले पाऊल ठरू शकते, आणि ते उचलण्यासाठी कोणत्याही क्रांतीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. येडिंगच्या शेतकऱ्यांपाशी भांडवल नव्हते, तज्ज्ञही फारसे नव्हते. परंतु दूध आपले आहे तर दुग्धशाळाही आपली असली पाहिजे, एवढे त्यांना निश्चित कळत होते. फुटबॉल क्लब ज्यांच्या घामावर, वर्गणीवर आणि करांवर उभे आहेत त्यांनी तेवढेच ओळखले तरी पुरे आहे.